चार वाजताची चारुलता

१

नोटिशीत सहा मुद्दे होते. शेजारची पुतळा माझ्या ओट्याला टेकून उभी होती आणि मी चष्मा लावून एकेक मुद्दा मोठ्याने वाचत होते. पहिले तीन नेहमीचेच, कारखान्याच्या नोटिशीत असतात तसे. चौथ्यावर तिने माझं मनगट धरलं.

"अपघाताच्या आदल्या दिवशी, रविवारी दुपारी, आपण मद्यप्राशन केले होते. सोमवारी सकाळी आपले हात थरथरत होते. तीन नंबरच्या लाइनचा व्हॉल्व्ह बंद करण्यास आपल्याकडून उशीर झाला असावा, असे आपणांस स्वतःलाच वाटते. याबाबत खुलासा करावा."

पुतळाचा नवरा अंकुश पावणे गावच्या औद्योगिक वसाहतीत, एका रंगाच्या कारखान्यात ऑपरेटर होता. गेल्या सोमवारी तिथे तीन नंबरच्या लाइनचा व्हॉल्व्ह निसटला आणि कॉस्टिक सोड्याचं गरम, कातडी जाळणारं पाणी अश्विन नावाच्या कामगाराच्या दोन्ही हातांवर पडलं. अंकुशनेच त्याला ओढून पाण्याखाली धरलं. आणि शनिवारी, पाळी सुटताना, त्याच अंकुशच्या हातात ही नोटीस ठेवली गेली: अपघाताला तुम्हालाच जबाबदार का धरू नये आणि कामावरून का काढू नये? उत्तर बुधवारपर्यंत.

"मावशी, रविवारचं मला पण ठाऊक नव्हतं," पुतळा म्हणाली. "त्यांनी ते एकाच माणसाला सांगितलं. त्या ऑनलाइनवाल्या बाईंना. आणि ती बाई मीच शोधून आणली."

मी लेबर कोर्टात एकतीस वर्षं स्टेनो होते. निवृत्त झाल्यापासून कोपरखैरण्यात आमच्या सेक्टरमधले लोक कागद घेऊन माझ्याकडे येतात आणि मला तांबेमावशी म्हणतात. नोटिसा मी हजारांनी टाइप केल्या आहेत, त्यामुळे त्यांनी माझं डोकं सहसा तापत नाही. त्या रविवारी तापलं. डॉक्टरला सांगितलेली गोष्ट मालकाच्या लेटरहेडवर छापून येते, याचा अर्थ कुणीतरी त्या माणसाच्या मनात हात घालून चोरी केली होती, आणि वर सही-शिक्का मारून त्याच्याकडेच खुलासा मागितला होता.

"ती बाई तुला सापडली कशी, ते आधी सांग," मी म्हटलं. "सगळं. काही गाळू नकोस."

२

पुतळा एका पॅथॉलॉजी लॅबच्या काउंटरवर बसते. अंकुशची दारू वाढली तशी ती त्याला सरकारी दवाखान्यात घेऊन गेली होती. तिथल्या तरुण डॉक्टरने अंकुशला बाहेर बसवून तिला समजावलं, की याला दारू सोडायचीही आहे आणि सोडायचीही नाही. अशा माणसाला उपदेश केला की तो दारूची बाजू घेऊन भांडायला लागतो. सोडायची कारणं त्याच्याच तोंडून निघायला हवीत. तशी बोलण्याची एक पद्धत असते, मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग. इथे आमच्याकडे तेवढा वेळ नाही, पण ऑनलाइन असे थेरपिस्ट मिळतात. त्याने केसपेपरच्या मागे तो शब्द लिहून दिला.

पुतळा तीन आठवडे जेवणाच्या सुट्टीत तो शब्द मोबाइलवर शोधत होती. आधी नोकरीच्या इंटरव्ह्यूत काय बोलावं ते सांगणारे व्हिडिओ आले. मग एक कोटवाला सापडला. त्याने पहिल्याच कॉलवर अंकुशला छाती पुढे काढून "मी वाघ आहे" असं तीनदा ओरडायला लावलं. शेजारचे खिडकीत आले. अंकुश त्यानंतर दोन दिवस तिच्याशी बोलला नाही. दुसऱ्याने चहात गुपचूप कालवायची पुडी सुचवली. तिसरी बाई भली होती, पण तिला मराठी येत नव्हतं, आणि अंकुशला मनातलं दुसऱ्या भाषेत सांगता येत नाही.

हे ऐकतानाच मला संताप येत होता. गरजू माणूस विहिरीत डोकावला की काठावर दुकानं मांडणारे किती असतात.

शेवटी एका ॲपवर चारुलता नावाची नाशिकची थेरपिस्ट दिसली. भाषा मराठी, आणि नावाखाली डॉक्टरने लिहून दिलेला तोच शब्द. पुतळाने आधी लिहून विचारलं, की तुमी ह्यांना काय सांगणार? उत्तर आलं: "सांगेन कमी, विचारेन जास्त. त्यांना यायचं आहे का, हे त्यांना विचारलंत का?"

तोवर कुणीच विचारलं नव्हतं. पुतळाने विचारलं. अंकुश पंख्याकडे बघत म्हणाला, "एकदा बघतो."

बुधवारी दुपारी चारची वेळ मिळाली. त्यासाठी दर बुधवारी सकाळची पाळी हवी होती, म्हणून अंकुशने कारखान्यात अर्ज केला. एच.आर.च्या उदयसिंह साहेबांनी पुरावा मागितला, तेव्हा पुतळाने ॲपवरच्या बुकिंगची झेरॉक्स काढून अर्जाला पिन मारून दिली. पाळी मिळाली. सात बुधवार झाले. सातव्या बुधवारपर्यंत अंकुशला दारू सोडून एकोणचाळीस दिवस झाले होते.

"आणि आता?" मी विचारलं.

पुतळाने मान खाली घातली. शनिवारी नोटीस घेऊन घरी आल्यापासून तो पोटमाळ्यावर होता, आणि बाटली त्याच्याबरोबर होती.

३

अंकुश माझ्यासाठी खाली उतरला. दाढी वाढलेली, तोंडाला वास, पण शुद्धीवर होता. आधी म्हणाला, की मावशी, माझंच चुकलं, बाईमाणसावर विश्वास टाकला. मी त्याला म्हटलं, की मी पण बाईमाणूसच आहे, आणि मला आठव्या बुधवारी काय झालं ते शब्दाला शब्द हवंय. वही काढली. लघुलिपी माझ्या बोटांतून अजून गेलेली नाही.

आधीचे सातही बुधवार ते ॲपवर बोलले होते, एकमेकांचा आवाज ऐकत. आठवा बुधवार अपघातानंतर दोन दिवसांनी आला. अंकुश कामावरून येत होता.

"बसमधून उतरत होतो. बरोबर चार वाजले होते. व्हॉट्सॲपवर मेसेज आला. 'मी चारुलता. ॲपमध्ये अडचण आहे, आज इथेच लिहून बोलू. हा माझा खाजगी नंबर.' फोटो बाईंचाच होता. म्हटलं, आज बाई लवकर आल्या. बोनकोड्याच्या देवळाच्या पारावर बसलो आन् लिहीत राहिलो."

त्याच्या मनावर अश्विनचे हात होते. कुणीतरी विचारण्याचीच तो वाट बघत होता. मी एकेक प्रश्न त्याच्याकडून आठवून घेतला. रविवारी प्यायला होतात का? सोमवारी सकाळी प्यायला होतात का? हात थरथरत होते का? तीन नंबरच्या लाइनवर तुम्ही एकटेच होता का? व्हॉल्व्ह बंद करायला उशीर झाला असं तुम्हाला वाटतं का?

रविवारी तो एका नातेवाइकाच्या घरच्या कार्यात प्यायला होता. एकोणचाळिसाव्या दिवसानंतर चार दिवसांनी पाय घसरला होता, आणि ते तो आठव्या बुधवारी चारुलताला सांगणारच होता. सोमवारी तो प्यायला नव्हता. तेही त्याने लिहिलं होतं. नोटिशीत नेमकं तेवढंच आलं नव्हतं. शेवटच्या प्रश्नाला त्याने लिहिलं होतं: "वाटतं कधीकधी. माझ्यामुळेच झालं असं वाटतं."

मी त्याचा मोबाइल मागितला. मजकूर गेलेला होता. एका दिवसात आपोआप पुसला जाईल अशी सोय समोरच्याने आधीच करून ठेवली होती. राहिला होता नुसता नंबर आणि चारुलताचा छोटा गोल फोटो. मी तो मोठा करून पाहिला. काळा-पांढरा होता, जरा दाणेदार, आणि डाव्या भुवईवरून एक छोटी आडवी रेघ गेली होती.

अंकुशने नंतर कधी चारुलताशी बोलून पाहिलं होतं का? नाही. शनिवारी रागाच्या भरात त्याने ॲपच काढून टाकलं होतं.

घरी येऊन मी वहीतले प्रश्न मोजले. अंकुशला सोळा आठवले होते. त्यातल्या चौदांचं उत्तर फक्त 'हो' किंवा 'नाही' असं देता येत होतं. असे प्रश्न मी एकतीस वर्षं उतरवून घेतले होते. वकील साक्षीदाराला कोपऱ्यात घ्यायला ते विचारतात. त्याला आमच्याकडे उलटतपासणी म्हणतात. आणि पुतळाने तर उपदेशसुद्धा न करणारी बाई शोधली होती.

४

ॲप थेरपिस्टचा पत्ता देत नाही, फोनही देत नाही. मग मी तेच केलं जे कुणालाही करता येतं. माझ्या नावाने सोमवारी सकाळी अकराची वेळ घेतली.

पडद्यावर चारुलता आली. चाळिशीची, केस आखूड, आवाज हळू. ॲपवर तिचा फोटो रंगीत होता, मागे हिरवी भिंत. मी सरळ विचारलं, की अंकुश नावाचा कोपरखैरण्याचा माणूस तुमच्याकडे येतो का?

"माझ्याकडे कोण येतं आणि कोण येत नाही, हे मी कुणालाच सांगत नाही," ती म्हणाली.

मी मुद्दा फिरवून विचारला. मग त्याची बायको माझ्याशेजारी बसली आहे असं खोटंच सांगितलं. मग थोडा दम भरला, की प्रकरण नोकरीपर्यंत गेलं आहे. मोठमोठे साक्षीदार एवढ्याने ढासळतात. ती जागची हलली नाही. रागावलीही नाही. म्हणाली, "तुम्ही फार चिडल्या आहात. आणि त्या चिडण्याच्या खाली कुणाची तरी काळजी आहे असं मला वाटतंय. त्या काळजीबद्दल काय सांगाल?"

मी तिथे बोलायला गेले नव्हते. पण बोलले. माझे यजमान दारूने गेले, त्याला अठरा वर्षं झाली. मी त्यांच्यावर ओरडले, शपथा घातल्या, बाटल्या मोरीत ओतल्या. तिने विचारलं, की त्या वर्षांत त्यांना स्वतःला काय हवं होतं असं तुम्हाला वाटतं?  मी ते कधी त्यांना विचारलंच नव्हतं. 

सवयीने मी त्या बोलण्याचीही टिपणं घेतली होती. पाऊण तासात तिने मला नऊ प्रश्न विचारले होते. एकाचंही उत्तर 'हो' किंवा 'नाही' असं देता येत नव्हतं.

या बाईने बोनकोड्याच्या पारावर बसलेल्या माणसाला सोळा प्रश्नांनी सोललं असेल, हे मला पटेना. पण मला पटणं हा पुरावा होत नाही. आणि ती नसेल तर मग कोण? अंकुशच्या थेरपीची माहिती आणखी कुणाला होती, असं मी पुतळाला फोनवर विचारलं.  ती म्हणाली, "हौसेरावभावजींना."

५

हौसेराव आणि अंकुश एकाच कारखान्यात, एकाच लाइनवर, आणि गावंही शेजारशेजारची, पाटणच्या बाजूची. अंकुश गेला तर लाइनचा मुख्य ऑपरेटर हौसेरावच होणार होता. सोमवारी पाळी सुटल्यावर मी त्याला बसस्टॉपवर गाठलं. मला बघून त्याने दुसरीकडे तोंड फिरवलं, म्हणून मी त्याच्याबरोबर बसमध्येच चढले.

आधी त्याने काहीच कबूल केलं नाही. अंकुशचं बुधवारचं मला माहीत आहे, पण आत काय बोलतो ते मी विचारत नाही, म्हणाला. मग मी विचारलं, की बुधवारी तुम्ही दोघं बरोबर घरी येता का?

येतो, तो म्हणाला. तीनला पाळी सुटते, हात-पाय धुऊन बस मिळेपर्यंत साडेतीन, उतरेपर्यंत चार. पहिल्याच बुधवारी अंकुशला घरी पोहोचायला उशीर झाला आणि बाईंना थांबावं लागलं, तेव्हा बाई स्वतःहून म्हणाल्या, की आपण साडेचार ठेवू. "तेव्हापासून साडेचारच. आम्ही उतरलो की नाक्यावर चहा घेतो, मग तो घरी जातो. त्या बुधवारीच तेवढा चहाला थांबला नाही. मोबाइलमध्ये बघत पुढं गेला."

मी त्याला ते पुन्हा सांगायला लावलं. साडेचार. दुसऱ्या बुधवारपासून साडेचार.

बस बोनकोड्याजवळ आली होती. हौसेराव उतरायला उठला आणि परत बसला. 

"मावशी, उदयसिंह साहेबांनी मला कागद दिलाय," तो म्हणाला. "अपघाताच्या सोमवारी सकाळी अंकुशच्या तोंडाला वास येत होता, असं लिहिलंय. सही करायचीय. उद्यापर्यंत."

"येत होता?"

"नव्हता."

"सही केली?"

तो उठला आणि पुढच्या थांब्यावर उतरून गेला.

६

मंगळवारी सकाळी मी अंकुशच्या घरी गेले आणि दोघांना समोर बसवलं. अंकुशने रात्रीपासून घेतली नव्हती. पोटमाळ्यावरून खाली येऊन तो पुतळाशेजारी बसला. मी त्यांना साधा हिशोब सांगितला.

त्या दिवशी चारुलता बनून लिहिणाऱ्या माणसाने बरोबर चारला सुरुवात केली. खऱ्या चारुलताला वेळ साडेचारची हे माहीत होतं, कारण तिनेच ती बदलली. हौसेरावला माहीत होतं, कारण तो मधला अर्धा तास अंकुशबरोबर चहा प्यायचा. पुतळाला माहीत होतं, अंकुशला तर होतंच. म्हणजे ज्यांना अंकुशची थेरपी खरोखर माहीत होती, त्यांच्यापैकी कुणीही चार वाजता मेसेज केला नसता. ज्याने केला त्याला ती वेळ माणसाकडून कळलेली नव्हती. त्याने ती कागदावर वाचली होती. पहिल्या बुकिंगच्या कागदावर.

पुतळाने तोंडावर हात ठेवला. तो कागद तिनेच दिला होता.

"अजून एक," मी म्हटलं. "ॲपवर बाईंचा फोटो रंगीत आहे. त्या नंबरवरचा काळा-पांढरा का?"

मग आम्ही चारुलताला ॲपवरूनच कॉल लावला. अंकुशने ॲप परत घेतलं होतं. त्यात तिचे दोन निरोप न वाचलेले पडून होते. पहिला त्या बुधवारी पाच वाजताचा: "आज साडेचारपासून वाट पाहिली. तुम्ही बरे आहात ना?" दुसरा शुक्रवारचा. अंकुशने ते वाचले आणि मोबाइल उपडा ठेवला. थोड्या वेळाने परत उचलला.

त्याने स्वतः तिला लेखी कळवलं, की माझ्याबद्दल तांबेमावशींशी बोलायला माझी परवानगी आहे. तेव्हा कुठे ती माझ्याशी त्याच्याबद्दल बोलली, आणि तेही मोजकंच. त्या बुधवारी अंकुश आला नाही अशी नोंद ॲपवर आहे, ती पाठवते. तिचा दुसरा कुठलाही नंबर नाही. तिच्या नावाने कुणीतरी तिच्याच माणसाला फसवलं, हे मी तिला सांगितलं. तिचा आवाज पहिल्यांदा बदलला. म्हणाली, "मी सात आठवडे त्यांना एकच गोष्ट देत होते. इथे बोललात तर ते तुमच्याविरुद्ध वापरलं जाणार नाही, हा भरवसा. तोच नेला."

७

बुधवारी सकाळी दहा वाजता आम्ही तिघं पावण्याला कारखान्यात गेलो. खुलासा समक्ष देण्याची परवानगी मी आदल्या दिवशी मागून घेतली होती, आणि कारखान्याचे मॅनेजर हजर असावेत असंही लिहिलं होतं. मॅनेजर वयस्कर होते आणि त्यांना हे लवकर आटपायचं होतं. उदयसिंह साहेब तरुण, इस्त्रीचा शर्ट, बोलणं मऊ. त्यांनी मला खुर्ची दिली, पाणी मागवलं.

मी म्हटलं, की उत्तर देण्याआधी एकदोन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. नोटिशीतली माहिती आली कुठून? विश्वसनीय सूत्रांकडून, ते म्हणाले. बरं. कंपनीला अंकुशच्या उपचारांची कल्पना होती का? होती, आणि कंपनीने सहानुभूतीने पाळीही बदलून दिली.

"हो, ते चांगलं केलंत," मी म्हटलं. "बुधवारी किती वाजता असतात हो त्यांचे उपचार?"

"चार वाजता," उदयसिंह साहेब म्हणाले.

"कुणी सांगितलं?"

"त्यांच्या अर्जातच आहे."

मी अर्ज बघायला मागितला. फाइल आली. अर्जाच्या मागे झेरॉक्स होती, काळी-पांढरी. त्यावर चारुलताचं नाव, वेळ चार, आणि गोलातला फोटो. पुतळाने घाईत पिन मारली होती. पिन फोटोवरच बसली होती, डाव्या भुवईवर.

मी अंकुशचा मोबाइल त्या कागदाशेजारी ठेवला आणि मॅनेजरांकडे सरकवला. मग सांगितलं, की साहेब, हे उपचार दुसऱ्या बुधवारपासून साडेचारला होत होते. चार ही वेळ जगात फक्त या एका कागदावर आहे. हा फोटो, पिनेसकट, फक्त या एका कागदावर आहे. हा कागद फक्त या फाइलमध्ये आहे. फाइल कुणाच्या कपाटात असते ते तुम्हीच सांगा. त्या बुधवारी चार वाजता कुणीतरी या कागदाचा फोटो काढून, थेरपिस्ट असल्याचं सोंग आणून, या माणसाला तीन नंबरच्या लाइनबद्दल प्रश्न विचारले. खऱ्या थेरपिस्टला लाइनींना नंबर असतात हेसुद्धा माहीत नव्हतं. अंकुशने तिला कधी सांगितलं नव्हतं.

मॅनेजरांनी कागद पाहिला, मोबाइल पाहिला, आणि मग परत कागद पाहिला.

उदयसिंह साहेबांचा मऊपणा संपला. दारू पिणाऱ्या ऑपरेटरमुळे उद्या दहा माणसं मेली तर जबाबदार कोण, असं त्यांनी मला विचारलं. सत्य बाहेर काढणं त्यांचं कर्तव्य होतं, म्हणाले.

एकतीस वर्षांत मी कोर्टात कधी आवाज चढवला नाही. स्टेनोला तो अधिकार नसतो. तिथेही मी चढवला नाही. "तुम्हाला सत्य हवं होतं तर सोमवारी दवाखान्यात नेऊन त्याचं रक्त तपासायचं होतं," मी म्हटलं. "तुम्ही बुधवारपर्यंत थांबलात. कारण सोमवारच्या रक्तात काही सापडलं नसतं. तुम्हाला सत्य नको होतं, साहेब, दारुडा हवा होता. एक माणूस चांगलं व्हायचा प्रयत्न करतोय हे तुम्हाला त्याच्या अर्जावरून कळलं, आणि तुम्ही त्याच दारातून आत शिरलात."

 मग मॅनेजरांनी उदयसिंह साहेबांना बाहेर जायला सांगितलं, आणि ते गेल्यावर दार लावून घेतलं.

८

दार लावून मॅनेजर जे बोलले ते आपलेपणाने बोलले, म्हणून जास्त राग आला. नोटीस आत्ता रद्द करतो. उदयसिंहचं आम्ही बघून घेऊ. अंकुशने फक्त एका कागदावर सही करावी, की अपघाताबद्दल त्याची कसलीही तक्रार नाही आणि व्हॉल्व्हमध्ये काही दोष असल्याचं त्याला माहीत नाही. फॅक्टरी इन्स्पेक्टर शुक्रवारी येणार आहेत. कारखाना बंद पडला तर सगळ्यांचंच नुकसान.

तेव्हा मला पूर्ण कळलं. अंकुशने मला खालच्या आवाजात सांगितलं, की तीन नंबरचा व्हॉल्व्ह महिनाभर गळत होता. त्याने पाळीच्या रजिस्टरमध्ये ते दोनदा लिहिलं होतं. व्हॉल्व्ह बदलायचा राहिला होता, म्हणून माणूस बदलायचं ठरलं होतं.

त्यांनी आम्हाला विचार करायला वेळ दिला. आम्ही गेटबाहेर कडुलिंबाखाली उभे राहिलो. पुतळा म्हणाली, की आपली नोकरी राहतेय, घर चालतंय, तुमी ठरवा. मी तोंड उघडलं. सही करू नकोस, असं ओरडून सांगायचं होतं मला. शब्द दातांपर्यंत आले होते. माझ्या घरातल्या माणसाला मी अठरा वर्षांपूर्वीपर्यंत असंच सांगत होते, काय कर आणि काय करू नको.

"अंकुश," मी म्हटलं, "तुला काय हवंय?"

 तो म्हणाला, की नोकरी हवीय. शांत झोप पण हवीय. अश्विनला काल भेटून आलो, त्याची आई त्याला भरवत होती. सही केली तर नोकरी राहील, पण मग रोज त्याच लाइनवर उभं राहायचं, आन् तिथं उभं राहून मी न पिता राहीन असं मला वाटत नाही.

एवढं बोलून तो थांबला, जणू ते त्याने स्वतःच पहिल्यांदा ऐकलं.

तो आत गेला आणि सही करणार नाही असं सांगून आला. नोटीस त्यांनी तरीही रद्द केली. त्यांच्याच फाइलमधली झेरॉक्स, अंकुशच्या मोबाइलमधला फोटो आणि चारुलताने पाठवलेली नोंद बघता त्यांना दुसरा रस्ता नव्हता. तोतया नंबरची तक्रार मी त्याच दुपारी अंकुशला पोलिसांत द्यायला लावली. संध्याकाळी हौसेराव आला. साहेबांच्या कागदावर त्याने सही केली नव्हती. अपघाताच्या दिवशी दुपारी त्याने भीतीपोटी रजिस्टरच्या त्या दोन पानांचे फोटो काढून ठेवले होते, आणि भीतीपोटीच ते कुणाला दाखवले नव्हते. ते त्याने अंकुशच्या मोबाइलवर टाकले आणि चहा न घेता निघून गेला.

शुक्रवारी इन्स्पेक्टरांनी अंकुशला जबाबासाठी बोलावलं. लाइनच्या शेजारच्या खोलीत टेबल मांडलं होतं. मॅनेजर एका बाजूला, मी दाराशी. इन्स्पेक्टरांनी अंकुशचं नाव लिहून घेतलं आणि म्हणाले, बोला.

अंकुशने दोन्ही हात टेबलावर ठेवले.

"मी दारू पिणारा माणूस आहे, साहेब. सोडतोय, अजून पुरती सुटलेली नाही. अपघाताच्या आदल्या दिवशी प्यायलो होतो, त्या दिवशी नाही. तुम्हाला कुणीतरी हे सांगणारच होतं, म्हणून आधी मीच सांगितलं. आता व्हॉल्व्हचं लिहून घ्या."